काउंटीच्या मावशी

मावशींनी साडी नेसणं सोडलं ते अमेरिकेमुळे नाही, कोर्टाच्या दारातल्या मेटल डिटेक्टरमुळे. साडीला टाचलेल्या पिना वाजायच्या, मग गार्ड बाजूला घ्यायचा, हातातलं यंत्र फिरवायचा आणि त्यात सकाळ जायची. एके दिवशी ‘कशाला ही भानगड’ म्हणून त्यांनी सगळ्या साड्या बॅगेत भरून टाकल्या आणि नवऱ्याचे जुने फुलशर्ट घालायला लागल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, शर्ट टिकले होते. टेक्ससच्या भर ऑगस्टातही त्यांच्या कमरेला स्वेटर बांधलेला असायचा. कोर्टात एसी फार, म्हणायच्या.

त्या आमच्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. आमच्या अर्विंग गावातली मराठी मंडळी त्यांना ‘काउंटीच्या मावशी’ म्हणत, अर्थात पाठीमागे. मूळच्या मिरजेच्या. तरुणपणी इकडे आल्या, जन्मभर एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं आणि रिटायर झाल्यावर हे वेड लावून घेतलं. दर मंगळवारी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कोर्टहाऊसमध्ये जायचं, रेकॉर्डच्या खोलीत लोकांसाठी ठेवलेल्या कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि माणसं शोधायची. कुणावर कधी काय गुन्हा दाखल झाला, पुढे त्याचं काय झालं. इथे हे कुणालाही बघता येतं, का बघताय म्हणून कुणी विचारत नाही. बहुतेकांना हे माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांना तिथवर जाऊन रांगेत उभं राहायचा कंटाळा असतो. मावशींना कंटाळा हा प्रकारच ठाऊक नव्हता.

माझी आणि त्यांची पहिली भेट भांडणानेच झाली. नवरा आणि मी नागपूरहून नुकतेच आलो होतो आणि त्यांच्या घराचा मागचा भाग भाड्याने मिळतोय असं कळलं होतं. त्यांनी दार उघडलं. या, बसा, काही नाही.

“पूर्ण नावं सांगा. वडिलांच्या नावासकट. आणि जन्मतारखा.”

“लीजसाठी ना?” नवऱ्याने विचारलं.

“नाही. उद्या मंगळवार आहे.”

बुधवारी फोन आला. “तुमचं काही निघालं नाही. या राहायला.”

मी भडकले. म्हटलं, “मावशी, आम्हाला या देशात येऊन महिना नाही झाला. काय निघणार होतं आमचं?”

“महिना पुष्कळ झाला,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चार वर्षं आम्ही त्यांच्याकडे राहिलो. तेवढ्यात मला कळलं की लोक त्यांना जसं समजतात तशा त्या नव्हत्या. लोकांना वाटायचं, बाई भोचक आहे, सगळ्यांची लफडी हिच्या पोटात. पोटात होती हे खरं. पण त्यांच्या तोंडून कुणाच्या माघारी कधी एक शब्द बाहेर पडलेला मी ऐकला नाही. त्यांचा नियम होता: जे सापडेल ते ज्याचं त्यालाच सांगायचं, दुसऱ्या कुणाला नाही. आणि वाचायचं, पण कॉपी घ्यायची नाही. “कॉपी घरी आली की तिला पाय फुटतात,” म्हणायच्या.

एकदा गणपतीत, आरती झाल्यावर, पुण्याहून नवीन आलेल्या एका मुलाला त्यांनी कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. मी शेजारी कप भरत होते. त्या म्हणाल्या, “तुझ्या नावावर वॉरंट आहे.” तो हसला. त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. “जोरात गाडी चालवलीस, तिकीट मिळालं, कोर्टाची तारीख होती, तू गेला नाहीस. आता पुढच्या वेळी पोलिसाने थांबवलं की सरळ आत नेतील. सोमवारी जा आणि मिटव.” मुलाने हातातला कप खाली ठेवला. तो गेला, प्रकरण मिटलं. पुढे दर दिवाळीला तो मावशींच्या पाया पडायला यायचा आणि मावशी पाय मागे घ्यायच्या.

हे सगळं कशासाठी, यावर मंडळात बऱ्याच कथा होत्या. नवऱ्याने फसवलं असेल, मुलगा तुरुंगात असेल. त्यांना मुलगा नव्हताच. मी एकदा सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, “लॅबमध्ये एकाच्या बाटलीवर दुसऱ्याचं नाव लागलं तर माणूस मरतो. नावाची मला फार भीती वाटते गं. नाव म्हणजे माणूस नव्हे, आणि लोक नावावरच थांबतात.” याहून जास्त कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला वाटतं नव्हतंही.

पण मावशी म्हटलं की मला जो दिवस आठवतो तो जून महिन्यातला एक शुक्रवार.

आम्ही तोवर स्वतःच्या घरात गेलो होतो. मुलगी सानू चौथीत होती आणि दर रविवारी मराठी शाळेत पेटी शिकायची. पेटीचे सर नाशिककडचे, पन्नाशीचे, उंच आणि अतिशय बुजरे. कुठल्याशा कंपनीत इंजिनियर होते, एकटे राहायचे. त्यांचं अपार्टमेंट आमच्याच बाजूला, त्यामुळे नवरा क्लायंटकडे गेलेला असला आणि मला उशीर होणार असला की सानूला तेच घरी सोडायचे. मला कधी काही वाटलं नाही. सानू एकदा म्हणाली होती, “ही ऑलवेज चेक्स द बॅक सीट, आई. एव्हन व्हेन इट्स एम्प्टी. सो वीअर्ड.” गाडी थांबवली की सर उतरून मागचं दार उघडतात, वाकून आत बघतात आणि मग दार लावतात. मी म्हटलं, असेल एखाद्याची सवय.

त्या आठवड्यात गुरुवारी दुपारी मी ऑफिसात होते. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मिहीरचा मेसेज आला. मिहीर म्हणजे पेटीच्याच वर्गातल्या एका छोट्या मुलीचा बाबा, आमच्यासारखाच आयटीवाला, सज्जन माणूस. त्याने लिहिलं होतं: गेले दोन-तीन रविवार मी पेटीच्या सरांना पार्किंग लॉटमध्ये बघतोय. वर्ग सुरू व्हायच्या आधी ते प्रत्येक गाडीपाशी जातात आणि काचेला हात लावून मागच्या सीटवर डोकावतात. मला बरं वाटलं नाही, म्हणून मी एका वेबसाइटवर त्यांचा रिपोर्ट काढला. खाली फोटो जोडतोय.

फोटोत सरांचं नाव होतं. त्याखाली टेक्ससच्या पश्चिमेकडच्या एका काउंटीचं नाव आणि एक ओळ: इंजुरी टू अ चाइल्ड, फेलनी.

मुलाला इजा. गंभीर गुन्हा.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. तो थरथरतच होता, मेसेजमागून मेसेज येत होते. मला फक्त सानू दिसत होती, त्यांच्या गाडीत बसलेली, बेल्ट लावलेली. किती वेळा? मी मोजायचा प्रयत्न केला आणि मला मोजता येईना.

घरी येऊन सानूला समोर बसवलं. आवाज साधा ठेवायचा खूप प्रयत्न केला. “सर तुला घरी सोडतात ना, तेव्हा कुठे थांबतात का?”

“नो.”

“तुला कधी काही बोलले? तुला आवडलं नाही असं काही?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मुलांना लगेच कळतं. “आई, व्हॉट डिड ही डू?”

“काही नाही.”

“देन व्हाय आर यू लाइक धिस?”

शेजारच्या काकूंना तिच्यापाशी बसवलं आणि मी गाडी काढून मावशींकडे गेले.

मावशी बागेत कढीपत्त्याला पाणी घालत होत्या. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो फोटो बराच वेळ बघितला. नळ चालूच होता.

“मी याचं बघितलं होतं,” त्या म्हणाल्या. “शाळेत आला तेव्हाच. आपल्या काउंटीत काही नव्हतं.”

“मग हे?”

“प्रत्येक काउंटीचं दप्तर वेगळं असतं. तिथलं इथे दिसत नाही. तो आधी कुठे राहिला ते मी विचारलंच नाही.” त्यांनी नळ बंद केला. हात शर्टाला पुसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना चुकल्यासारखं झालेलं बघितलं नव्हतं, ते तेव्हा बघितलं. “ऑनलाइन एवढीच ओळ असणार. नाव आणि आरोप. पुढचं सगळं कागदावर. उद्या शुक्रवार आहे, कोर्ट उघडं असेल. गाडी तू चालव.”

सकाळी लवकर निघालो. सानूला शेजारच्या काकूंकडेच ठेवलं. शहर संपलं, मग गावं संपली, मग नुसता सपाट पिवळा माळ आणि पवनचक्क्या. मावशींनी थर्मासमधला चहासुद्धा काढला नाही. फोन मधूनमधून वाजत होता आणि मी रस्त्यावरची नजर काढून त्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी तो उचलला आणि वाचला.

“काय लिहिलंय?”

“मिहीर आणि आणखी चौघं-पाच जण आज संध्याकाळी सरांच्या घरी जाणार आहेत. जाब विचारायला.”

“मावशी, खरं असेल तर?”

“तर मी स्वतः त्याला सांगेन की तुला शाळेत पाय ठेवू देणार नाही. पण आधी वाचू दे.”

ते कोर्टहाऊस गावाच्या मधोमध होतं, जुनं, दगडी. बाहेर ऊन असं की डोळे उघडवेनात. आतल्या खिडकीपाशी साखळीचा चष्मा लावलेली एक जाडजूड बाई बसली होती. मावशींनी नाव सांगितलं. तिने कॉम्प्युटरवर शोधलं.

“जन्मतारीख?”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मला ती पाठ होती. मुलांनी वर्गात सरांचा पन्नासावा वाढदिवस केक कापून केला होता, मीच केक नेला होता. मी सांगितली.

बाईने मान हलवली. “हो. हाच.”

तोपर्यंत मी मनातल्या मनात एकच धरून बसले होते, की नाव सारखं असेल, माणूस दुसरा असेल. मी भिंतीपाशी बाकावर बसले.

“फाइल जुन्या गोदामात असेल,” बाई म्हणाली. “शुक्रवारी आम्ही लवकर बंद करतो. सोमवारी या.”

“मी थांबते,” मावशी म्हणाल्या.

“तुम्ही त्यांच्या नातेवाईक?”

“नाही.”

“वकील?”

“नाही.”

“मग कशासाठी हवीय?”

“ते विचारायचं नसतं,” मावशी अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. “तुम्हाला माहीत आहे.”

बाई त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग खुर्ची मागे सारून उठली आणि किल्ल्या घेऊन आत गेली.

ती परत येईपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. भिंतीवर जुन्या न्यायाधीशांचे फोटो होते. मावशींनी कमरेचा स्वेटर सोडून अंगात घातला आणि माझ्या शेजारी ताठ बसून राहिल्या. फाइल आली ती तशी बारीकच होती. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला केला.

“घाई करू नकोस. पहिली पानं पोलिसांची असतात. त्यांना फक्त घडलेलं दिसतं. पहिल्या पानावर थांबलीस तर ते डोळ्यांसमोरून जाणार नाही. मी आधी वाचते.”

त्या वाचायला लागल्या. ओळीखाली बोट ठेवून, लॅबमधल्यासारखं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिसऱ्या की चौथ्या पानावर बोट थांबलं. पुढे सरकेना. मग त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीने डोळे टिपले, पुन्हा चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचून फाइल माझ्या मांडीवर ठेवली.

सानूच्या जन्माच्याही आधीची गोष्ट होती. सर त्या गावाजवळच्या एका प्लांटवर नोकरीला होते. जुलै महिना. रोज बायको बाळाला पाळणाघरात सोडायची, त्या दिवशी तिला बरं नव्हतं म्हणून सरांनी नेलं. बाळ मागच्या सीटवर झोपलेलं. वाटेत प्लांटवरून फोन आला, काहीतरी बंद पडलं होतं. ते बोलत बोलत रोजच्या रस्त्याने सरळ कामावर गेले. गाडी उन्हात लावली. दुपारी बायकोने पाळणाघरात फोन केला तेव्हा कळलं की बाळ तिथे पोचलंच नाही.

पुढे सरांचा जबाब होता. दोन वाक्यांचा. “मी त्याला सोडून आलो असं मला वाटत होतं. मला अजून तसंच वाटतंय.”

शेवटच्या पानावर होतं की गावातल्या सामान्य माणसांच्या ज्युरीने सगळं ऐकून त्यांच्यावर खटला चालवायला नकार दिला. संपलं. गेलं तेव्हा बाळ वर्षाचंही झालं नव्हतं. त्याचं नाव लिहिलं होतं, ते मी इथे लिहीत नाही.

मी फोन काढला. ग्रुप उघडून लिहायला सुरुवात केली. मावशींनी तळहात स्क्रीनवर ठेवला.

“काय करतेस?”

“सांगते सगळ्यांना! ते लोक निघाले असतील मावशी, त्यांना काय वाटतंय आणि हे काय आहे!”

“ही गोष्ट कुणाची आहे?”

“पण तुम्हीच म्हणता की हे सगळ्यांना बघायला खुलं आहे.”

“खुलं आहे. बघायला. ग्रुपवर वाटायला नाही.” त्यांनी फाइल मिटवली, खिडकीपाशी नेऊन दिली, बाईला थँक यू म्हणाल्या. “आपण त्यांच्या आधी पोचायचं. चल.”

येताना त्या मला ‘हळू चालव’ म्हणाल्या नाहीत. उलट दोनदा म्हणाल्या, “पुढचा ट्रक मागे टाक.”

तरी आम्ही आधी पोचलो नाही. सरांच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मिहीर आणि पाच-सहा पालक उभे होते. सूर्य अजून वर होता, डांबर तापलेलं. सर पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या दारात उभे होते, दार अर्धं उघडं, चेहरा पांढरा. बहुतेक नुकतंच काहीतरी बोलून झालं होतं. मावशी त्या सगळ्यांच्या मधून चालत जिना चढल्या. मी मागे.

“पाणी दे रे,” त्या सरांना म्हणाल्या आणि आत गेल्या.

खोलीत एक सोफा, एक पेटी, बाकी काही नाही. सरांनी पाण्याचा ग्लास दिला. मावशींनी तो हातात धरला, प्यायल्या नाहीत.

“मी तिथे जाऊन आले. फाइल वाचली.”

सर सोफ्याच्या कडेवर बसले.

“हीसुद्धा होती,” मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या. “तिसरं कुणी नाही. आम्ही कुणाला सांगितलेलं नाही.”

मग मावशी म्हणाल्या, “खटला चालला नाही तेव्हा कोर्टाकडून हे पुसून घेता येतं. अर्ज करायचा. मग कुठल्याही वेबसाइटवर राहत नाही. तुझ्या वकिलाने सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं. मी नको म्हटलं.”

“का?”

“मग कागदावर असं होईल ना, की काहीच झालं नव्हतं.” त्यांनी वर बघितलं. “तो होता, मावशी.”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. खाली मिहीर जिन्याकडे बघत उभा होता.

मावशींनी विचारलं, “त्यांना काय सांगू?”

“काही नका सांगू. मी शाळा सोडतो.”

“शाळेचं मी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या आणि दाराबाहेर गेल्या. मीही गेले. जिन्याच्या वरच्या पायरीवर कठडा धरून उभ्या राहिल्या. नवऱ्याचा शर्ट, स्वेटर अजून अंगातच.

मिहीर म्हणाला, “मावशी, तुम्ही चेक केलंत ना? सांगा. नाव चुकीचं आहे का?”

“नाही. नाव बरोबर आहे.”

“जन्मतारीख?”

“तीही.”

खाली गलका झाला. एक बाई म्हणाली, “बघा, म्हणजे खरंच आहे.” कुणीतरी फोन वर करून शूट करायला लागलं. मला वाटलं, मावशी काय करतायत हे, खोटं तरी बोला. पण त्या खोटं बोलायच्या नाहीत.

“फोन खाली घे,” त्या म्हणाल्या. तो खाली गेला. “मिहीर, तू एक ओळ वाचलीस. मी सगळी फाइल वाचून आले.”

“मग सांगा काय आहे फाइलमध्ये.”

“नाही सांगणार.”

“नाही म्हणजे? माझी मुलगी सहा वर्षांची आहे, मावशी!” त्याचा आवाज फुटला. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. माझ्याइतकाच. “तुम्ही प्लीज माझ्या जागी उभ्या राहून बघा.”

“तुला हक्क आहे,” मावशी म्हणाल्या. “सोमवारी रजा काढ, त्या काउंटीत जा, खिडकीपाशी फाइल माग. तुला नाही म्हणणार नाहीत. पण बसून सगळी वाच. आणि मग त्याच्याशी जे बोलायचं ते बोल. आज नाही.”

“आणि तोपर्यंत? रविवारी वर्ग आहे.”

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. “हिची मुलगी त्याच्या गाडीतून घरी येते. हिनेही वाचलंय. हिला विचार रविवारी पाठवणार आहे का.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला हे आधी सांगितलेलं नव्हतं. क्षणभर, खरं सांगते, काल दुपारची भीती पुन्हा उसळून वर आली. मग त्या जबाबातली दोन वाक्यं आठवली.

“पाठवणार,” मी म्हटलं. “आणि येताना ती सरांच्याच गाडीतून येईल.”

पण मिहीरचं समाधान झालेलं नव्हतं. “मग ते लोकांच्या गाड्यांत का डोकावतात? तेवढं तरी सांगा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

उत्तर आलं ते मागून. सर दारात येऊन उभे होते.

“उन्हाळा आहे,” ते म्हणाले. “आत कुणी राहिलंय का बघतो. कुणाचं लहान.”

मघाशी ‘खरंच आहे’ म्हणालेल्या बाईने तोंडावर हात ठेवला. दुसरा एक जण आपल्या गाडीकडे चालायला लागला. मिहीर उभाच होता, काहीतरी जुळवत असल्यासारखा. मग तोही गेला.

त्या रविवारी पेटीच्या वर्गाला सानू एकटी होती. म्हणजे एकटीच असती, पण मी तिला सोडायला गेले तर पहिल्या पेटीपुढे मावशी मांडी घालून बसलेल्या. शाळेत नाव घालून आल्या होत्या. एका विद्यार्थ्यावर वर्ग चालवता येत नाही असा शाळेचा नियम होता आणि मावशींना नियम माहीत असायचे.

त्यांना सूर नावाची गोष्ट देवाने दिलीच नव्हती. सर ‘सा’ म्हणायचे आणि मावशी त्याच्या आसपास कुठेतरी जाऊन यायच्या. सानू तोंड दाबून हसायची. मावशी तिला दटावायच्या, “हसतेस काय, तू जन्मल्या जन्मल्या वाजवत होतीस का?” घरी येताना गाडीत सानू सरांना मावशींची नक्कल करून दाखवायची. सर हसले, आई, असं तिने मला एकदा मुद्दाम येऊन सांगितलं.

फक्त सर पूर्वीसारखे शिकवत नव्हते. आधी ते मुलांची बोटं धरून पट्ट्यांवर ठेवायचे. आता ते हात पाठीमागे बांधून लांब उभे राहायचे आणि तोंडाने सांगायचे, दुसरं बोट, नाही, त्याच्या शेजारचं. सानूला सवय होती, तिचं भागायचं. मावशींचं अजिबात भागत नव्हतं, पण त्या तक्रार करायच्या नाहीत.

मिहीर खरोखरच त्या काउंटीत जाऊन आला. मला ते ग्रुपवरून कळलं नाही, कारण ग्रुपवर तो नंतर काहीच बोलला नाही. एका रविवारी मी दाराशी सानूची वाट बघत उभी होते. तो मुलीचा हात धरून कॉरिडॉरमधून आला आणि दाराबाहेर थांबला. मावशींनी त्याला बघितलं आणि पेटी तशीच ठेवून बाहेर आल्या.

“मावशी, मी वाचून आलो.”

“बरं.”

“मी ग्रुपवर लिहितो. सगळं. माफी मागतो त्यांची सगळ्यांसमोर.”

“काही लिहू नकोस.”

“मग मी करू काय?” तो अगदी लहान मुलासारखं म्हणाला.

“मुलीला आत बसव,” मावशी म्हणाल्या आणि स्वतः जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

मिहीरने मुलीला एका पेटीपुढे बसवलं आणि तिच्यामागे भिंतीला टेकून उभा राहिला. सर त्याच्याकडे बघत नव्हते. मुलीने भाता ओढला, चुकीची पट्टी दाबली. सर हात मागे ठेवूनच लांबून म्हणाले, “तिसरी. नाही बाळा, त्याच्या अलीकडची.” तिला कळेना. ती पुन्हा चुकली. वर्गात तेवढाच आवाज, सानूनेही वाजवणं थांबवलं होतं.

“सर,” मिहीर म्हणाला. त्याने खाकरून पुन्हा म्हटलं, “सर, तिचं बोट धरून दाखवा ना. तिला असं सांगून नाही कळत.”

सर हलले नाहीत. मग हळूहळू पुढे आले, खाली बसले आणि त्या पोरीचं इवलंसं बोट दोन बोटांत धरून योग्य पट्टीवर ठेवलं.

मी मावशींकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचं बोट भलत्याच पट्टीवर दाबलेलं होतं आणि भाता थांबला होता, त्यामुळे आवाज येत नव्हता. बराच वेळ त्यांनी ते बोट उचललं नाही.